आधी घड्याळजी, मग घड्याळ

माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रोज वापरायला ऑटोमॅटिक घड्याळ घ्यायचंय, कुठलं घेऊ?" पूर्वी मी लगेच चार-पाच नावं सांगायचो. आता आधी उलट विचारतो, "पाच-सहा वर्षांनी ते उघडणार कोण?" समोरचा गोंधळतो. नवं कोरं घड्याळ घ्यायच्या आधीच ते उघडण्याची भाषा कानाला बरी लागत नाही, हे मला समजतं. पण सेलवर चालणारं घड्याळ बिघडलं तर आतलं मशीन बदलून मोकळं होता येतं. ऑटोमॅटिक मात्र न बिघडताही कुणीतरी जाणत्या माणसाने उघडावं, धुवावं, तेल घालून पुन्हा जोडावं लागतं. त्या माणसाचा पत्ता ठाऊक नसताना घेतलेलं घड्याळ फार तर काही वर्षांचा सोबती असतं. हे पुस्तक त्या उलट प्रश्नातून निघालं आहे, म्हणून प्रस्तावनेची सुरुवातही तिथूनच.

आत काय चालतं ते आधी पाहू. मागच्या झाकणाखाली जड धातूचा एक अर्धवर्तुळाकार तुकडा मध्यावर मोकळा बसवलेला असतो. हा रोटर. हात हलला की तो फिरतो आणि त्याच्या फिरण्याने मेनस्प्रिंग आवळली जाते. ती उलगडताना चाकांची माळ फिरवते. माळेच्या शेवटाला बॅलन्स व्हील असतं, आणि ते केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगच्या ओढीने इकडून तिकडे झुलत राहतं. ताशी 21,600 ठोक्यांच्या मशीनमध्ये सेकंदाला सहा ठोके पडतात, दिवसाला 5,18,400. हृदयाचे ठोके मिनिटाला 72 धरले तर दिवसाला 1,03,680 होतात. घड्याळाचे बरोबर पाचपट. पाच वर्षांत ही संख्या 94 कोटींच्या पुढे जाते, आणि एवढा काळ त्या चाकाचा आस टेकलेला असतो जवळपास केसाएवढ्याच जाडीच्या टोकांवर, कृत्रिम माणकाच्या खड्यांमध्ये, तेलाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबावर. डायलवर "24 ज्वेल्स" असं लिहिलेलं असतं ते हे खडे. दागिना म्हणून त्यांची किंमत नगण्य आहे. काम मात्र ते सोन्याहून मोलाचं करतात.

चुकीचा हिशोबही याच आकड्यांच्या शेजारी ठेवून पाहावा. दिवसाचे सेकंद 86,400. घड्याळ रोज दहा सेकंद पुढे गेलं तर चूक झाली 8,640 मध्ये एका भागाची, आणि तीही मनगटावर दिवसभर हिंदकळत, उन्हातून एसीत आणि एसीतून उन्हात जात. स्वित्झर्लंडच्या कॉस्क या संस्थेचं प्रमाणपत्र मिळवायचं तर मशीनची रोजची सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढ्यातच बसावी लागते. सेइकोची रोजच्या वापराची मशीनं कंपनीच्याच कागदावर दिवसाला 45 सेकंद पुढे ते 35 सेकंद मागे इतकी मोकळीक घेतात. माझ्या हाती आलेली बहुतेक त्याहून पुष्कळ नेमकी होती. क्वार्ट्झचा खडा सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि साधं सेलचं घड्याळही महिन्याकाठी काही सेकंदांपलीकडे चुकत नाही. तेव्हा नेमकेपणासाठीच घड्याळ हवं असेल तर ऑटोमॅटिक घेऊ नका, हे मी कुणालाही सरळ सांगतो. ऑटोमॅटिक घ्यावं ते आपल्या हालचालीवर जगणारं, दुरुस्त होणारं, पुढच्या पिढीच्या हातावर चढू शकणारं यंत्र हवं असेल तर.

आपल्या हालचालीवर जगणारं म्हणजे काय, हे मला वडिलांच्या घड्याळाने शिकवलं. वडील एसटीत कंडक्टर होते. लग्नात सासरहून आलेलं ऑटोमॅटिक त्यांनी नोकरीची सगळी वर्षं डाव्या मनगटावर बांधलं. तिकिटं पंच करणं, घंटीची दोरी ओढणं, दांडीला धरून गर्दीतून मागेपुढे सरकणं. त्या घड्याळाला एक दिवसही चावी द्यावी लागली नाही. सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या टिकटिकीवर ते काटा ताडून बघायचे, तेवढंच. निवृत्तीनंतर दोन महिन्यांत घड्याळ पहाटे पहाटे थांबायला लागलं. वडिलांना वाटलं, त्याचंही वय झालं. मी ते घड्याळजीकडे नेलं. त्याने कानाला लावलं, हातात दोनदा हलकेच फिरवलं आणि मला विचारलं, "वडील हल्ली दिवसभर काय करतात?" वडील दिवसभर खुर्चीत बसून पेपर वाचायचे. घड्याळ ठणठणीत होतं. त्याचं अन्न बंद झालं होतं.

म्हणून घड्याळ निवडण्याआधी आपला दिवस पाहावा. टेबलावर बसून काम करणाऱ्याने, घरूनच नोकरी करणाऱ्याने, वयस्कर माणसाने हातानेही चावी देता येईल असंच मशीन घ्यावं. सेइकोच्या जुन्या 7एस26 मध्ये ती सोय नव्हती. एनएच35 मध्ये आहे. चावी जास्त दिली तर स्प्रिंग तुटेल ही जुन्या घड्याळांच्या काळातली भीती इथे लागू नाही. ऑटोमॅटिकची मेनस्प्रिंग पूर्ण आवळली गेली की तिचं बाहेरचं टोक डब्याच्या भिंतीवरून घसरतं, त्यासाठीच ते तसं बनवलेलं असतं. थांबलेल्या घड्याळाला वीस-तीस फेरे चावी द्यावी, मग वेळ लावून हातात घालावं. नुसतं दोनदा झटकून घातलं तर स्प्रिंगमध्ये जेमतेम जीव येतो, आणि अर्धपोटी मशीन धड वेळही दाखवत नाही.

शनिवार-रविवार घड्याळ काढून ठेवणाऱ्यांसाठी साठ्याचे, म्हणजे पूर्ण चावीवर घड्याळ चालण्याचे, तास महत्त्वाचे. शुक्रवारी संध्याकाळी सातला पूर्ण चावी भरलेलं घड्याळ कपाटात ठेवलं, तर 38 तासांचं स्विस ईटीए 2824 मशीन रविवारी सकाळी नवाच्या सुमारास थांबेल, 41 तासांचं एनएच35 दुपारी बाराला, आणि टिसॉटच्या घड्याळांत असणारं पॉवरमॅटिक 80 सोमवारी सकाळी तुम्हाला चालूच मिळेल. रोज घालणाऱ्याला मात्र 38 काय आणि 80 काय, फरक पडत नाही. त्या जादा तासांसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

बाजारात घड्याळाच्या आतल्या यंत्रणेला मशीनच म्हणतात, आणि निवड मशीनपासूनच करावी असं माझं ठाम मत आहे. अनेक कंपन्या स्वतःचं मशीन बनवत नाहीत. जपानी मियोटा किंवा सेइकोचं, नाहीतर स्विस ईटीए किंवा सेलिटाचं विकत घेऊन स्वतःच्या केसमध्ये बसवतात. दोन घड्याळांच्या किमतीत दुपटीचा फरक आणि आत तेच मशीन, हे सर्रास आढळतं. रोजच्या वापराला असं सर्वांनी वापरलेलं मशीन उत्तम. त्याचे सुटे भाग मिळतात, ते उघडलेला माणूस मिळतो, आणि अगदीच गेलं तर आख्खं मशीन बदलता येतं. कंपनीचं खास स्वतःचं मशीन जरूर सुंदर असतं. पण त्याचा भाग मिळवण्यासाठी घड्याळ परदेशी धाडून महिनोन् महिने वाट पाहायची तयारी असेल तरच ते रोजच्या हातावर बांधावं.

घड्याळजीला मध्यभागी ठेवण्याचा माझा आग्रह केवळ सोयीचा नाही. आज आपण वापरतो ते मनगटी ऑटोमॅटिक दुरुस्तीच्या टेबलावरच जन्माला आलं. खिशातल्या घड्याळाला आपोआप चावी देण्याचा प्रयत्न 1770च्या दशकातच स्वित्झर्लंडमध्ये ल लोक्ल गावच्या अब्राहम-लुई पेरले यांनी केला होता. पण खिशात घड्याळ शांत पडून राहतं, त्याला हवी तेवढी हालचाल मिळत नाही. पहिल्या महायुद्धानंतर घड्याळ मनगटावर आलं. आयल ऑफ मॅन बेटावर जॉन हारवुड हा इंग्रज घड्याळं दुरुस्त करत असे. उघडलेल्या घड्याळांत त्याला धूळ आणि ओल दिसायची, आणि ती आत शिरायची चावीच्या घुंडीच्या, म्हणजे दुकानात क्राउन म्हणतात तिच्या, भोकातून. घुंडीच काढून टाकली तर? पण मग चावी कशी द्यायची? उत्तर म्हणून त्याने मनगटाच्या हालचालीने झुलणारं वजन बसवलं आणि काटे फिरवण्याचं काम काचेभोवतीच्या कड्याला दिलं. 1924 साली त्याला स्विस पेटंट मिळालं. त्याचं वजन ठरावीक कमानीतच झुलायचं. पूर्ण गोल फिरणारा रोटर रोलेक्सने 1931 साली आणला. हारवुडची कंपनी काही वर्षांतच बुडाली आणि घुंडी घड्याळावर कायम राहिली. पण त्याचं निदान शंभर वर्षांनंतरही तंतोतंत खरं आहे: घड्याळ मरतं ते बहुधा त्या भोकातून.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर ते भोक उघडंच आहे असं समजून वागावं. झाकणावरचं "30 मीटर" वाचून लोक पोहायला उतरतात. तो आकडा प्रयोगशाळेत स्थिर दाबाखाली केलेल्या चाचणीचा आहे. व्यवहारात 30 मीटर म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी. 50 म्हणजे पावसाची सर. पोहायचं तर किमान 100, आणि घुंडी आटे फिरवून बंद करण्याची असेल तर अधिक बरं. कोकणात, गोव्यात, मुंबईत राहणाऱ्याने रोजसाठी 100च्या खाली जाऊ नये असं मी म्हणेन. हे आकडे नव्या रबरी वॉशरचे आहेत. घाम, साबण आणि गरम पाणी यांनी वॉशर कडक होतो, आणि दहा वर्षांच्या 200 मीटरवाल्या घड्याळापेक्षा काल वॉशर बदललेलं 50 मीटरवालं जास्त भरवशाचं. गरम पाण्याच्या आंघोळीला घड्याळ काढावंच. आणि पावसाळ्यापूर्वी, छत्री दुरुस्तीला टाकतो त्याच सुमारास, घड्याळाची पाण्याची चाचणी करून घ्यावी.

माझं एक घड्याळ असंच गेलं. श्रावणातल्या पावसात स्कूटरवरून घरी आलो तर काचेच्या आतून धुकं. मी ते तांदळाच्या डब्यात ठेवलं, सगळे ठेवतात म्हणून. तीन दिवसांत धुकं गेलं, मीही विसरलो. दिवाळीत घड्याळ थांबलं. उघडलं तेव्हा चावीच्या दांडीवर आणि कॅलेंडरच्या चाकाखाली गंजाची लाल भुकटी होती. काचेवरचं धुकं जातं, आतली ओल जात नाही. काचेच्या आत थेंब दिसला तर ऊन, तांदूळ, दिव्याची ऊब यांत एक दिवसही न घालवता घड्याळ त्याच दिवशी उघडून घ्यावं.

पाण्याला लोक निदान घाबरतात. चुंबकाला कुणीच घाबरत नाही, कारण तो दिसत नाही. मोबाइलच्या कव्हरमधली गोल चकती, पर्सच्या झडपेचं बटण, टॅबलेटचं कव्हर, स्पीकर, फ्रिजवरची खेळणी: आपलं घर चुंबकांनी भरलं आहे. हेअरस्प्रिंगची वेटोळी चुंबकित झाली की एकमेकींना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटं पुढे पळू लागतं. काल नीट असलेलं घड्याळ आज पाच मिनिटं पुढे गेलं तर पहिला संशय चुंबकाचा घ्यावा. सुईचं साधं होकायंत्र जवळ नेऊन घड्याळ हळूहळू फिरवलं आणि सुई त्याच्या मागे मागे वळू लागली, की निदान झालं. उपाय काही सेकंदांचा आहे, चुंबकत्व उतरवण्याचं लहानसं यंत्र बहुतेक घड्याळजींकडे असतं. एवढ्यासाठी कुणी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे मागितले तर घड्याळ उचलून बाहेर पडावं.

तारखेचं पथ्य छोटं आहे. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात घुंडीने तारीख पुढे ढकलू नये. तेव्हा तारखेच्या चाकात मशीनचा दात आधीच अडकलेला असतो, आणि जबरदस्तीने तो दात तरी वाकतो नाहीतर चाकाचा दात तुटतो. वर्षातले पाच महिने 31 पेक्षा कमी दिवसांचे, म्हणजे रोज घालणाऱ्यावर हा प्रसंग निदान पाच वेळा येतो. काटे खाली सहावर आणावेत, मग तारीख लावावी. सकाळचे सहा असोत की संध्याकाळचे, धोका नाही.

धक्क्यांची गोष्ट अशी की बॅलन्सच्या आसाला दोन्ही बाजूंनी स्प्रिंगची गादी असते, त्यामुळे चालणं, धावणं, लोकलची गर्दी हे सगळं घड्याळ सहज सोसतं. सोसत नाही ते एकामागून एक बसणारे कोरडे झटके. गणपतीत ढोल वाजवणाऱ्या मुलामुलींना मी हात जोडून सांगतो, पथकात उतरताना ऑटोमॅटिक घरी ठेवा. लेझीम, क्रिकेटची बॅट, नारळ फोडायचा कोयता, ड्रिल मशीन, सगळ्यांना तोच नियम.

आकाराबद्दल थोडक्यात. केसच्या व्यासापेक्षा पट्टा अडकतो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर मोजावं. ते मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेलं तर घड्याळ मोठं आहे, मग दुकानदार काहीही म्हणो. आपल्या बहुतेकांच्या मनगटाला 36 ते 40 मिलिमीटर पुरतं. पट्ट्याची रुंदी 18, 20 किंवा 22 असावी, कारण 19 आणि 21 चे पट्टे शोधताना पायपीट होते. पावसाळ्यात चामडं घालू नये, बुरशी धरते. स्टील, रबर किंवा नायलॉन बरं. काच शक्यतो सफायरची घ्यावी. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि साध्या मिनरल काचेहून ते कठीण असतात. सफायर त्यांच्याहूनही कठीण. जुन्या घड्याळांची प्लास्टिकची काच चरे पडले तरी घासून पुन्हा लख्ख करता येते, हा तिचा मोठा गुण.

जुन्या घड्याळांवर थोडं रेंगाळावं लागेल, कारण अनेकांचं पाऊल पहिल्यांदा तिकडेच पडतं. 1961 साली जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने बंगळुरात एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला आणि पुढची दोन-अडीच दशकं मध्यमवर्गीय मनगट त्याच घड्याळांनी ओळखलं जाई. जनता, पायलट, कोहिनूर ही चावीची, कांचन हे ऑटोमॅटिक. 1987 पासून टायटनची सेलची घड्याळं आली आणि चित्र पालटलं; 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. त्या मधल्या काळात गावोगावचे घड्याळजी सेल बदलण्यापुरते उरले, त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यांना लागली, आणि हातातली विद्या हातातच राहिली. या पुस्तकाची घाई मला वाटते ती त्यामुळे.

आठवणीपोटी लोक आता जुनी एचएमटी आणि सेइको 5 शोधतात, आणि त्यांच्यापुढे येतं ते भडक निळ्या, केशरी, हिरव्या डायलचं चकचकीत घड्याळ, किंमत अगदी बेताची. परदेशातल्या संग्राहकांनी या मालाला मुंबईचंच नाव देऊन टाकलं आहे. डायल पुसून नव्याने रंगवलेली, अक्षरं जाडीभरडी, मशीन एका घड्याळाचं, काटे दुसऱ्याचे, झाकण तिसऱ्याचं, केस इतकी घासलेली की तिच्या मूळच्या धारदार कडा गोल झालेल्या. जोडणाऱ्या हातांच्या कसबाबद्दल मला आदर आहे. भंगारात जाणारी मशीनं त्यांनी चालती केली. पण मूळ म्हणून ते विकणं ही फसवणूक आहे, आणि रोजच्या वापराला ते उपयोगाचं नाही. जुनं घ्यायचं तर फिकट, थोडं डागाळलेलं पण मूळ डायल असलेलं घ्यावं, विकत घेण्याआधी मागचं झाकण उघडून दाखवायला सांगावं, आणि घेतल्यावर ते पाण्यापासून पूर्ण लांब ठेवावं. त्या काळच्या बऱ्याच स्वस्त केस पितळेवर मुलामा दिलेल्या असत. घामाने मुलामा उडाला की पितळ खड्ड्या-खड्ड्यांनी झिजतं.

आता सर्व्हिसिंग. पाच वर्षांनी, फार तर सात. घड्याळ व्यवस्थित चालत असलं तरी, कारण तेल सुकतं आणि मशीन त्यानंतरही चालतच राहतं, फक्त आता आसाची टोकं झिजवत. दुकान निवडताना एकच प्रश्न विचारावा, "मशीन पूर्ण खोलणार का?" मशीन न खोलता पेट्रोलमध्ये बुडवून वरून तेल सोडलेलं घड्याळ मी परत घेतलेलं आहे, महिनाभर छान चाललं, मग तेच तेल हेअरस्प्रिंगवर पसरून वेटोळी चिकटली. खरं काम म्हणजे प्रत्येक चाक सुटं करणं, धुणं, भिंगाखाली तपासणं, वेगवेगळ्या जागी वेगवेगळं तेल मोजून लावणं. ते झाल्यावर ठोके ऐकून आलेख काढणाऱ्या यंत्रावर घड्याळ ठेवून दाखवायला सांगावं. पूर्ण चावी दिलेलं, डायल वर करून ठेवलेलं निरोगी मशीन साधारण 250 ते 310 अंशांत झुलतं. हे मागितल्यावर चांगला घड्याळजी चिडत नाही. आपलं काम कुणाला तरी समजतंय म्हणून तो खुर्ची पुढे करतो.

वडिलांचं घड्याळ आता माझ्या हातावर असतं. या पुस्तकाचा शेवटचा खर्डा पूर्ण केला त्या आठवड्यात त्याची पाळी आली होती. पुण्यात लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या बोळात, जिन्याखालच्या जागेत बसणाऱ्या त्याच घड्याळजीने झाकण उघडलं आणि आतली बाजू माझ्यापुढे धरली. पोलादावर सुईने कोरलेल्या बारीक तारखा होत्या, तीन वेगवेगळ्या अक्षरांत. सर्वांत जुनी माझ्या जन्माच्या आधीची, कुठल्याशा बस स्टँडजवळच्या कुणा कारागिराची, वडिलांनाही आता आठवत नाही कुठल्या गावची. शेवटच्या दोन याच्या स्वतःच्या अक्षरातल्या. त्याने नवा वॉशर बसवला, सुई उचलली, दिव्याखाली वाकून खाली मोकळ्या जागेत त्या दिवशीची तारीख कोरली आणि झाकण बंद केलं.